गळू नव्हे, ठोका!

शनिवार, पावसाळा आणि माळशेज. पुण्यात नोकरी करणाऱ्या कुठल्याही ग्रुपला हे तीन शब्द एकत्र ऐकवा. पुढच्या पाच मिनिटांत गाडी कुणाची, रेनकोट कुणाकडे एक्स्ट्रा आणि भजी कुठे खायची, इथपर्यंत सगळं ठरलेलं असतं. आमचंही ठरलं होतं. फक्त माझ्या प्लॅनमध्ये घाटाच्या आधी एक स्टॉप होता. डिंगोरे.

डिंगोरे म्हणजे माझ्या आईचं माहेर. जुन्नर तालुक्यात, ओतूर सोडून कल्याणच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात लागणारं गाव. घाटाकडे पळणाऱ्या गाड्यांना ते दिसतसुद्धा नाही. मला मात्र तिथे थांबणं भाग होतं, कारण आठ दिवसांपूर्वी मामाची पुण्यात अँजिओप्लास्टी झाली होती. वय वर्षं 58, छातीत दुखलं म्हणून आणलं, एक स्टेण्ट बसला, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. ‘मामा एकदम फिट, थँक्स टू ऑल!’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर मीच टाकला होता. खाली चाळीस नमस्कार आणि बारा फुलांचे गुच्छ. विषय संपला, असं मला वाटलं.

तो संपला नव्हता. मामा ओसरीवर खुर्चीत बसला होता खरा, पण एका बाजूला कलून. उठताना उजवा पाय सरळ होईना. ‘‘काय झालं?’’ विचारलं तर म्हणे, ‘‘काय नाय गं. गळू आलंय. फुटंल दोन दिवसांत.’’

‘‘कुठे?’’

मामा एकदम धरणात किती पाणी आलंय ते सांगायला लागला.

शेवटी मामीनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि हळूच सांगितलं. जांघेत. जिथून नळी घातली होती ना, तिथंच. चौथ्या दिवशी सुपारीएवढं होतं, आता आवळ्याएवढं झालंय. रोज मिठाच्या पुरचुंडीने शेकतेय. आणि गावातलाच एक ओळखीचा माणूस, जो पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता, तो रविवारी सकाळी येऊन ‘छोटंसं चिरून’ देणार होता. रविवार म्हणजे दुसरा दिवस.

आता माझं डॉक्टरी ज्ञान किती, तर डोकं दुखलं की कुठली गोळी, एवढंच. मास कॉमच्या डिग्रीत शरीरशास्त्र शिकवत नाहीत. पण माझी हॉस्टेलची रूममेट आता रेडिऑलॉजिस्ट आहे. मी अंगणात जाऊन, रेंज शोधत, तिला फोन लावला. तिने फक्त एकच प्रश्न विचारला. ‘‘हात ठेवला तर ते उडतंय का?’’

मी आत जाऊन मामीला विचारलं. मामी सहज म्हणाली, ‘‘हो तर. नाडीसारखं ठक ठक करतंय. पू भरला की ठणकतंच की.’’

मी ते फोनवर सांगितल्यावर माझी रूममेट, जी एरवी परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा घोरत झोपायची, अक्षरशः ओरडली. ‘‘त्याला कुणालाही हात लावू देऊ नकोस. सुई नाही, ब्लेड नाही, शेक नाही. मामांना आडवं कर, आणि आजच्या आज डॉपलर करून घे. ते गळू नाहीये. ती त्यांची रक्तवाहिनी असू शकते.’’

माळशेजचा प्लॅन तिथेच बुडाला.

सुई, तार, नळी

नंतरचे दोन दिवस हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी जे शिकले, ते तुम्हाला सांगायलाच हवं. कारण आपल्या सगळ्यांच्या घरात एक मामा आहे. कुणाचे वडील, कुणाची सासू, कुणाचा चाळिशीतला बॉस. अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी आता इतक्या कॉमन झाल्यात की आपण ‘ब्लॉकेज काढून घेतलं’ असं गाडीची सर्व्हिसिंग केल्यासारखं बोलतो. पण हृदयापर्यंत पोचायचा रस्ता कुठून जातो, याचा विचार कोण करतं?

रस्ता जातो धमनीतून. जांघेतून, म्हणजे फिमोरल धमनीतून, नाहीतर मनगटातून, म्हणजे रेडियल धमनीतून. यामागची युक्ती 1953 मध्ये सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश रेडिऑलॉजिस्टने छापली. आधी पोकळ सुई, सुईतून बारीक तार, सुई बाहेर, मग त्या तारेवरून नळी आत. धमनी कापून उघडायची गरजच नाही! पुढे 1977 च्या सप्टेंबरमध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुन्त्झिग यांनी याच पद्धतीने जागेपणी पेशंटच्या हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला. ती हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी. 1989 मध्ये मॉण्ट्रियलच्या कॅम्पो यांनी मनगटातून अँजिओग्राफी केल्याचं मांडलं, आणि 1992 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या किमेनेय यांनी मनगटातूनच स्टेण्ट बसवायला सुरुवात केली. आज बऱ्याच ठिकाणी पहिली पसंती मनगटालाच असते. धमनी वरवर असते, खाली हाड असतं, दाबून रक्त थांबवणं सोपं आणि पेशंट लवकर उठून बसतो.

मामाच्या बाबतीतही आधी मनगटच पाहिलं होतं. पण तिथली धमनी आकसली, नळी पुढे जाईना, म्हणून जांघेतून जावं लागलं. यात कुणाची चूक नाही. असं होतं.

काम झालं की नळी काढतात आणि त्या जागी हाताने पंधरा-वीस मिनिटं दाबून धरतात, किंवा भोक बंद करायचं खास उपकरण वापरतात. मग काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. बहुतेकांचं भोक छान बुजतं. काहींचं बुजत नाही. धमनीतून रक्त बाहेर येत राहतं, पण आजूबाजूचं मांस आणि गोठलेलं रक्त त्याला अडवतं. धमनीला बाहेरून चिकटलेली एक पिशवी तयार होते, आणि प्रत्येक ठोक्याला तिच्यात रक्त आत-बाहेर करतं. याचं नाव स्यूडोअ‍ॅन्युरिझम. ‘स्यूडो’ म्हणजे खोटा, कारण या फुग्याला धमनीची स्वतःची भिंत नसते. शंभर पेशंटमध्ये साधारण एखाद-दुसऱ्याला हे होतं. नळी जाड असेल, रक्त पातळ करणारी औषधं जोरात चालू असतील, वजन किंवा ब्लडप्रेशर जास्त असेल, तर शक्यता वाढते. सुई नेमकी कुठे टोचली, यावरही बरंच अवलंबून असतं. जरा खाली टोचली गेली की मागे दाबायला हाडाचा आधार मिळत नाही.

आता अशा पिशवीला गळू समजून कुणी ब्लेड लावलं तर? आत थेट धमनीचा दाब. घरात, पलंगावर, जवळचं मोठं हॉस्पिटल तासाभरावर. पुढचं मी लिहीत नाही. पण माझी रूममेट का ओरडली, ते तुम्हाला कळलं असेल.

एसटीचा हॉर्न आणि खोडदच्या तबकड्या

आम्ही मामाला गाडीच्या मागच्या सीटवर आडवं करून आळेफाट्याला नेलं. तिथे एका सोनोग्राफी सेण्टरचे डॉक्टर शनिवारी संध्याकाळीही थांबले. (देव त्यांचं भलं करो.) भिंतीवर तो नेहमीचा बोर्ड होता. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. मामा म्हणाला, ‘‘मशीन तर बारकं दिसतंय. घरीच का नाय आणत?’’

प्रश्न अगदी बरोबर होता. लॅपटॉपएवढी सोनोग्राफी मशिन्स आज मिळतात. पण आपल्याकडे प्रत्येक मशीनची नोंदणी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली करावी लागते, मग ते जांघ बघायला वापरा नाहीतर गुडघा. नोंदणीच्या जागेबाहेर ते असं सहज उचलून नेता येत नाही. याबाबतीत देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. केंद्राचा आला 1994 ला आणि लागू झाला 1996 पासून. 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. ज्या कारणासाठी हे झालं ते कारण लाज वाटावं असंच आहे, आणि त्याची किंमत कधीकधी अशी, ओतूर-आळेफाट्याच्या रस्त्यावर मोजावी लागते. डॉक्टरांनी मामाला एका वाक्यात सांगितलं, ‘‘मशीन येत नाही, पेशंट येतो.’’ मामानं मान डोलावली.

मग जेल, मग प्रोब, मग स्क्रीनवर काळं-पांढरं. मला त्यात काहीच कळलं नाही. डॉक्टरांनी एक बटण दाबलं आणि स्क्रीनवर एकदम रंग आले. काळ्या गोलात अर्धा लाल, अर्धा निळा, आणि ते दोन्ही एकमेकांत भोवऱ्यासारखे फिरताहेत. जगभरचे रेडिऑलॉजिस्ट याला ‘यिन-यांग’ म्हणतात, त्या चिनी चिन्हासारखं दिसतं म्हणून. मला वाटलं लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध. तसं काही नसतं. सर्वसाधारणपणे लाल म्हणजे प्रोबकडे येणारं रक्त आणि निळं म्हणजे लांब जाणारं. एकाच पिशवीत दोन्ही रंग, म्हणजे आत गोल गोल फिरतंय.

हा डॉपलरचा फंडा सोपा आहे. डिंगोऱ्याच्या रस्त्यावर उभं राहा. ओतूरकडून एसटी हॉर्न वाजवत येते तेव्हा आवाज चढा लागतो, आणि पुढे निघून गेली की तोच हॉर्न एकदम खाली उतरतो. ख्रिस्तियान डॉपलर यांनी 1842 मध्ये प्रागला हे गणित मांडलं, तेही ताऱ्यांच्या रंगांबद्दल. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये एका शास्त्रज्ञाने चक्क रेल्वेत बिगुलवाले बसवून ते तपासून पाहिलं! सोनोग्राफीत हॉर्नच्या जागी असतो प्रोबमधून निघणारा, सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज, आणि एसटीच्या जागी असतात धावणाऱ्या रक्तपेशी. पेशींवरून परतणाऱ्या आवाजाची पट्टी किती बदलली यावरून रक्त कुठल्या दिशेने आणि किती वेगाने पळतंय ते मशीन सांगतं. गंमत म्हणजे हा जो फरक असतो, तो बरोबर आपल्या कानाच्या टप्प्यात येतो. म्हणून डॉपलर करताना ते ‘हूश हूश’ ऐकू येतं.

आणि हो, आळेफाट्याहून नारायणगाव फार लांब नाही. तिथून जवळच खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत, एकूण तीस, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. त्या दूरच्या आकाशगंगांमधल्या हायड्रोजनचा वेग मोजतात, तो याच डॉपलरच्या हिशेबाने. एकाच तालुक्यात, एकाच नियमाने, कुणी आकाशगंगा मोजतंय आणि कुणी मामाची जांघ. मी हे मामाला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘आधी जांघ मोजू दे.’’

ठिबकची भाषा

डॉक्टरांनी पिशवी मोजली. साधारण तीन सेण्टीमीटर. तिला धमनीशी जोडणारी मान अरुंद. तिथे प्रोब धरला की आलेखात रक्त एकदा वर, एकदा खाली. ठोका पडला की आत, ठोका संपला की परत बाहेर. म्हणजे निदान पक्कं.

मामाचा चेहरा मात्र कोरा. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘‘शेतात ठिबक आहे ना?’’ बस! पुढची दहा मिनिटं दोघं आपल्याला कळणाऱ्या भाषेत बोलले. नळीला भोक पडलं, वर माती दाबून बसली, तर पाणी वर दिसत नाही. पण खाली डबकं साचत राहतं. बाहेरून नुसती जमीन फुगलेली दिसते. कुदळ मारली की कारंजं.

मामा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘म्हंजे उद्या तो कुदळच मारणार होता.’’

मी विचारलं, प्रत्येक सूज अशीच असते का? तर नाही. आणि हीच तर डॉपलरची खरी कामगिरी. जांघेतली सूज बाहेरून सगळी सारखीच दिसते. पण प्रोब ठेवला की वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. नुसतं रक्त साकळलेलं असेल तर गोळा दिसतो, पण रंग येत नाहीत, कारण आत काही वाहत नसतं. ते बहुधा आपोआप जिरतं. सुई धमनीतून आरपार जाऊन शेजारच्या शिरेलाही टोचली गेली असेल, तर दोघींच्या मध्ये आडवाट तयार होते. मामाच्या भाषेत, मोटारीच्या पाइपाचं पाणी परस्पर चारीत. तिथे हात ठेवला तर घुंगुरासारखी थरथर लागते आणि डॉपलरवर शिरेत धमनीसारखा जोरदार प्रवाह दिसतो. शिरेत गाठ झाली असेल तर प्रोबने दाबल्यावर ती शीर मिटत नाही. आणि धमनीच बंद पडत असेल तर पुढे प्रवाह मंदावलेला किंवा गायब. मनगटातून केलेल्यांनाही हे लागू आहे. तिथे रेडियल धमनी कधीकधी नंतर बंद होते आणि पेशंटला पत्ताही लागत नाही, कारण तळहाताला दुसऱ्या धमनीचं रक्त मिळतं. पण पुढच्या वेळी तिथून नळी घालायची असेल तर ते माहीत असलेलं बरं.

हे सगळं विनाकापाकापी, विनाइंजेक्शन, एक्स-रेशिवाय, पंधरा-वीस मिनिटांत. पण मशीनला दिसत नाही अशी एक गोष्ट आहे, आणि ती डॉक्टरांनी मला मुद्दाम सांगितली. सुई फार वर टोचली गेली तर रक्त पोटाच्या मागच्या बाजूला, कमरेत आत साचू शकतं. जांघेत सूज नाहीच. पेशंटची कंबर किंवा पोट दुखतं, घाम फुटतो, ब्लडप्रेशर पडतं. सोनोग्राफीत ते सुटू शकतं. तिथे सीटी स्कॅन लागतो, आणि तोही ताबडतोब.

एम-सील

रात्री दहाला आम्ही पुण्यात, जिथे अँजिओप्लास्टी झाली होती तिथेच पोचलो. पूर्वी अशा वेळी ऑपरेशन करून धमनीला टाके घालणं हाच उपाय होता. 1990 च्या सुमाराला सोनोग्राफीत बघत बघत त्या मानेवर प्रोबनेच दाबून धरायची पद्धत आली. चालते, पण दाबायचं दहा दहा मिनिटं, पुन्हा पुन्हा, कधी तासभर. दुखतं भयंकर, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर फसायची शक्यता जास्त. आता बहुतेक वेळा थ्रॉम्बिन वापरतात. रक्त गोठवणारं द्रव्य. सोनोग्राफीत बघत बारीक सुई पिशवीत न्यायची आणि थोडंसं सोडायचं. पिशवी अगदी लहान असेल आणि वाढत नसेल तर नुसतं लक्ष ठेवूनही भागतं. त्वचा ताणून काळी पडत असेल, इन्फेक्शन असेल, पिशवी झपाट्याने वाढत असेल किंवा पाय गार पडत असेल, तर अजूनही ऑपरेशनच.

मामाला रविवारी सकाळी घेतलं. हो, त्याच रविवारी, ज्या सकाळी गावात ब्लेड येणार होतं. मला काचेतून स्क्रीन दिसत होता. लाल-निळा भोवरा फिरतोय. सुईचं टोक पांढरी रेघ होऊन आत आलं. आणि मग, मी खोटं सांगत नाही, मोजून काही सेकंदांत रंग विझले. भोवरा थांबला. गोल राहिला, राखाडी, निवांत. शेजारी मामाची धमनी आपली लाल ठोके देत चालू.

डॉक्टरांनी लगेच पावलावरची नाडी तपासली, कारण थ्रॉम्बिन चुकून धमनीत उतरलं तर खाली पायाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. नाडी ठणठणीत होती. काही तास झोपून राहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉपलर. मामानं बाहेर आल्यावर एका वाक्यात सगळ्या विज्ञानाचा निकाल लावला. ‘‘म्हंजे एम-सील लावलं.’’

आता आपलं काय चुकलं?

सोमवारी मी ती डिस्चार्जची फाइल काढून पाहिली. चार पानं इंग्लिश. तिसऱ्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत, टोचलेल्या जागी सूज किंवा वेदना असल्यास कळवा, असं लिहिलेलं होतं. जड काम टाळा, हेही होतं. मामा तिसऱ्या दिवशी मोटरसायकलला किक मारून कांद्याची चाळ बघायला गेला होता. रोज उकिडवं बसून संडास. दुधाचं कॅन उचललं ते वेगळंच. त्यामुळेच हे झालं, असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण त्याला ते करू नकोस, हे मराठीत कुणी सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटलने नाही, आणि मीही नाही. फाइल माझ्या हातात दिली होती. मी ती गाडीत मामीकडे दिली. मामीनं ती देवाजवळ ठेवली.

आपण ‘सगळं मॅनेज करणारी’ जनरेशन आहोत. हॉस्पिटल शोधायचं, कॅशलेसचे फॉर्म भरायचे, योजनेची कागदपत्रं जमवायची, चांगला डॉक्टर कोण ते चार ठिकाणी विचारायचं. यात आपण पटाईत. पण पेशंट गाडीत बसला की आपला प्रोजेक्ट क्लोज! मेल पाठवला, बॅक टू ऑफिस. खरं तर तिथून पुढचे दहा दिवस पेशंट आपल्या नाही, घरच्यांच्या हातात असतो. आणि त्यांना काय बघायचं हे ठाऊकच नसतं.

त्यात जागा जांघेची. मामाला भाचीसमोर ‘जांघ’ हा शब्दही उच्चारवेना. मामीला दाखवलं ते चौथ्या दिवशी. मी थांबलेच नसते, किंवा मामानं धरणाच्या पाण्यावरच मला कटवलं असतं, तर? हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. हे सगळं मशीनने नाही, त्या ‘उडतंय का?’ या प्रश्नाने वाचवलं. मशीन नंतर आलं.

म्हणून, तुमच्या घरी कुणाची अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी किंवा धमनीतून काहीही झालं असेल, तर हे कापून फ्रिजवर चिकटवा.

• घरी सोडण्याआधी नर्सला किंवा डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा. टोचलेली जागा कशी दिसली तर फोन करायचा, आणि कुठल्या नंबरवर? उत्तर मराठीत लिहून घ्या.

• आठवडा-दहा दिवस ती जागा रोज बघा. थोडं काळं-निळं होणं चालतं. नवीन गाठ, वाढणारी सूज, ठोके, थरथर, वाढतं दुखणं, गार किंवा बधिर पडलेला पाय वा हात, ताप किंवा पू, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर आणि डॉपलर.

• रक्त येत असेल तर पेशंटला आडवं करा, त्या जागी हाताने घट्ट दाबून धरा आणि मदत बोलवा. कंबर किंवा पोट दुखून घाम, चक्कर आली तरी थांबू नका.

• शेक नाही, तेल नाही, मालिश नाही. आणि ठोके देणाऱ्या गाठीला सुई किंवा ब्लेड तर कुणाच्याही सांगण्यावरून नाही.

• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घाबरून स्वतः बंद करू नका. मामी आळेफाट्याला जाताना म्हणालीच होती, ‘‘आजची गोळी देऊ नको का?’’ ती गोळी बंद केली तर हृदयातला नवा स्टेण्ट गुठळी होऊन बंद पडू शकतो. तो निर्णय फक्त हृदयाच्या डॉक्टरांचा.

• डॉक्टरांनी सांगेपर्यंत किक, कॅन, पोती, जिने आणि उकिडवं बसणं बंद. गावाकडे कमोडची खुर्ची मिळते. मामानं ती लाजत लाजत वापरली.

दुसऱ्या दिवशीच्या डॉपलरमध्ये गोल तसाच राखाडी. महिन्याने पुन्हा केलं, तेव्हा तो निम्म्याहून लहान झाला होता. मामा आता रोज सकाळी रस्त्याच्या कडेने पायी फेरी मारतो. डिस्चार्जची फाइल अजून देवाजवळच आहे, पण तिच्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलेला मराठी कागद स्टेपल केलाय. गावात आणखी कुणाची तरी अँजिओप्लास्टी झाली, तर मामी तो कागद झेरॉक्स काढून देऊन आली.

परवा मामाचा फोन आला. म्हणाला, ‘‘तुझ्या मैत्रिणीला पण घेऊन ये एकदा. ती ओरडली होती ती.’’ घाटात अजून पाऊस आहे. या वेळी थेट डिंगोऱ्यालाच भजी.